सासूबाईंच्या थेंबाची चाचणी

सासूबाईंचं डोळ्यांचं औषध बाजारातून गायब झालं आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आली. औषध मी गायब केलेलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घरात अशा गोष्टी आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या असतात.

"तुम्ही थेंबातले आहात, तुम्हीच बघा," बायको म्हणाली, आणि यात थोडं तथ्य होतं. मी नळाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. नळ तयार झाला की आमच्या टेबलावर येतो, आम्ही त्यात दाबाने पाणी सोडतो आणि गळतोय का ते बघतो. गळला तर परत. म्हणजे थेंब पडू नये म्हणून मी पगार घेतो. थेंब पाडायचा अनुभव शून्य. पण बायकोला हा फरक समजावून सांगण्याइतका मी लग्नात नवीन नाही.

सासूबाईंना काचबिंदू आहे. ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी नळाच्या भाषेत सांगतो. डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून बाहेर जात असतं. जाळी तुंबली की आतला दाब वाढतो आणि मागची नस दबून दबून मरत जाते. नळाचं बरं असतं, वॉशर बदलता येतो. इथे बदलायला काही नाही. नजर कडेकडेने जाते, समोरचं लख्ख दिसत असतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. आणि गेली ती गेली. थेंब घालायचे ते उरलेली टिकवण्यासाठी. रोज संध्याकाळी, दोन्ही डोळ्यांत एकेक, जन्मभर.

आता सासूबाईंबद्दल. त्यांचा टायपिंगचा क्लास होता. अर्ध्या शहराची बोटं त्यांनी सरळ केली आहेत, त्यामुळे अर्धं शहर त्यांना मॅडम म्हणतं. मीही एकेकाळी तिथे विद्यार्थी होतो. नापास झालो, पण मॅडमची मुलगी पदरात पडली, तेव्हा एकूण हिशेब वाईट नाही. मात्र नापास विद्यार्थ्याला जावई म्हणून स्वीकारणं त्यांना जड गेलं असावं. त्या माझ्याशी थेट बोलत नसत. मी समोर बसलेलो असलो तरी मुलीला सांगत, "त्यांना म्हणावं, पंखा कमी करा." मग बायको माझ्याकडे बघे, मी पंखा कमी करी, आणि बायको आईला सांगे, "केला त्यांनी." हे इतकी वर्षं सुरळीत चाललं होतं. मध्ये वॉशर असला की गळती होत नाही.

त्या आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहतात आणि आमच्या तीन जणांच्या कुटुंबात गाडी चालवता येणारं माणूस त्या एकट्याच. मी परीक्षा दिली होती. तिचा निकाल इथे महत्त्वाचा नाही. दर रविवारी सासूबाई त्यांची जुनी छोटी गाडी काढतात आणि शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात मोठ्या बहिणीला भेटायला जातात. तिकडे बस जात नाही. रिक्षावाले नाव ऐकूनच मान फिरवतात. मोठ्या मावशींना आता माणसं ओळखू येत नाहीत, स्वतःची बहीणही नाही; पण गाडीत बसवून एक चक्कर मारून आणली की त्या दिवसभर खूश असतात. तेवढ्यासाठी सासूबाई आठवडा काढतात. हे त्या बोलून दाखवत नाहीत, पण शनिवारी संध्याकाळी गाडीची काच पुसताना बघितलं की कळतं.

तर मागच्या तपासणीला डॉक्टर म्हणाले होते, दाब वाढतोय. डाव्या डोळ्याची कड थोडी गेली आहे. पुढच्या महिन्यात बघू. उतरला नाही तर ऑपरेशन, आणि मग गाडीही बंद.

घरी येताना गाडी सासूबाईंनीच चालवली, आणि नेहमीपेक्षा जास्त वेगात.

एवढं सांगून डॉक्टर परदेशी परिषदेला निघून गेले आणि त्याच आठवड्यात औषध मिळेनासं झालं.

"माल येत नाहीये," केमिस्ट म्हणाला. "कंपनीचंच काही चाललंय. पण घाबरू नका, तेच औषध दुसऱ्या कंपन्यांचं आहे. जेनेरिक. आतलं रसायन तेच, ताकद तीच, नाव साधं."

"मग द्या."

"चिठ्ठी आणा. चिठ्ठीवर कंपनीचं नाव आहे. मला रसायनाचं नाव लागतं."

दवाखान्यात गेलो. तिथल्या रिसेप्शनिस्ट बाईंनी संगणकात बघितलं आणि सांगितलं की त्यांच्या संगणकाला तेच एक नाव येतं. दुसरं टाकलं की तो लाल होतो. त्यांनी टाकून दाखवलं. खरंच लाल झाला. मग त्यांनी माझ्याकडे दयेने बघितलं आणि जुन्याच नावापुढे पेनाने लिहून दिलं, 'किंवा तत्सम.' वर शिक्का मारला. केमिस्टने ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "हे शाळेच्या दाखल्यावर चालतं. माझ्याकडे नाही चालत." परत दवाखान्यात. शेवटी आतून डॉक्टरांच्या सहायक डॉक्टरीणबाई आल्या, हाताने रसायनाचं नाव लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, "कुठल्याही चांगल्या कंपनीचं चालेल. फक्त एक ठरवा आणि तेच चालू ठेवा. आणि एक दिवसही खाडा नको."

एक ठरवा. बाई सहज बोलून गेल्या. त्यांना काय माहीत, समोर तपासणी विभागातला माणूस उभा आहे.

केमिस्टकडे चार कंपन्यांच्या बाटल्या होत्या, प्रत्येकी एकेक. चारही बोटभर उंचीच्या, चौघींची टोपणं तशीच हिरवट निळी. चौथी हातात घेतली तर दगडासारखी कडक; दाबली तर माझंच बोट दबलं. ती मी तिथल्या तिथे नापास केली आणि बाकीच्या तीन घेतल्या. "तिन्ही?" केमिस्टने विचारलं. "तुलनेसाठी," मी म्हणालो. त्याने माझ्याकडे जसं बघितलं, त्यावरून त्याने आयुष्यात कधी काही तुलना करून घेतलेलं नसावं.

जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. त्यांना जिन्यात टाळता येत नाही; जिना हेच त्यांचं कार्यालय आहे. पिशवीत काय आहे हे त्यांनी विचारलं नाही, पिशवीत बघितलं.

"जेनेरिक?" ते आवाज खाली आणून म्हणाले. "सासूबाईंसाठी?" त्या दोन प्रश्नांच्या मध्ये त्यांनी जी जागा सोडली, तिच्यात माझी इभ्रत मावली.

"तेच औषध असतं," मी म्हणालो.

"असतं हो. मीही घेतो. पण स्वतःसाठी घेणं वेगळं. उद्या डोळ्याला काही झालं तर लोक काय म्हणतील, जावयाने पैसे वाचवले. आणि ही टोपणं बघा, सगळी एका रंगाची. म्हणजे एकाच ठिकाणी बनतात. मला यातलं कळतं."

टोपणांचा रंग औषधाच्या प्रकारावरून असतो, चुकीचं औषध डोळ्यात जाऊ नये म्हणून, हे केमिस्टने मला सांगितलं होतं. मी ते सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "हेच ते तुम्हाला सांगणार ना."

त्या क्षणी मी ठरवलं की निवड अशी करायची की कोणाला बोलायला जागा राहू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही बाटल्या डब्याच्या पिशवीत घालून मी कारखान्यात गेलो.

आता पुढे जे झालं त्याला काही लोक मूर्खपणा म्हणतील. घरातले तर म्हणतातच. पण त्यांनी आमचा तपासणी विभाग पाहिलेला नाही. आमच्याकडे नवीन वस्तू टेबलावर आली की माणसं कामाला लागतात, वस्तू कसली आहे हे नंतर विचारतात. मी नुसतं बघणार होतो की कोणत्या बाटलीतून थेंब नीट पडतो. एकेकीचा एक थेंब. फार तर दोन.

फोरमन म्हणाला, "एका थेंबावरून काय कळतंय? वजन करा." आमच्याकडे बारीक तराजू आहे. थेंबांची वजनं केली. पहिल्या बाटलीचा थेंब मोठा, दुसरीचा बारीक, तिसरीचा कधी मोठा कधी बारीक. हे भलतंच रंजक निघालं. मग मायक्रोमीटर म्हणाला (हा आमचा मापं घेणारा, बारशाचं नाव आता त्याच्या बायकोलाच माहीत असेल), "बाटली उभी धरली तर आणि तिरकी धरली तर फरक पडणार." पडला. मग भरलेली असताना आणि अर्धी असताना फरक पडतो का, हे बघायचं म्हणजे आधी अर्धी करायला हवी. केली.

इतक्यात साहेब आले. आम्ही उभे राहिलो. कामाच्या वेळेत सासूबाईंच्या औषधाचे थेंब तोलताना सापडलेला माणूस काय बोलणार? पण साहेब मूळचे तपासणीतलेच. त्यांनी वजनं बघितली, भुवई चढवली आणि म्हणाले, "एकेकदाच घेतलीत? पुन्हा घ्या. एका वेळच्या मापावर निर्णय घ्यायला हा काय भाजीबाजार आहे?"

पुन्हा घेतली. साहेब स्वतः थांबले. शेवटी प्रश्न उरला की बाटली दाबायला जोर किती लागतो, कारण सासूबाईंचा अंगठा संधिवाताने आखडतो. त्यासाठी फोरमनने तिसरी बाटली नळाच्या दाबयंत्रात लावली. ते यंत्र पितळ दाबण्यासाठी आहे. बाटली फुटली, औषध साहेबांच्या चष्म्यावर उडालं, आणि साहेब शांतपणे चष्मा पुसत म्हणाले, "बाद."

सुटायच्या वेळी माझ्या हातात टाइप केलेला अहवाल होता, पान भरून, खाली तिघांच्या सह्या. पहिली बाटली सर्व कसोट्यांवर उत्तीर्ण. थेंब एकसारखा, तोटी सरळ, अंगठ्याला त्रास नाही. अशी तपासणी या औषधाची क्वचितच कोणी केली असेल. मी खुशीत घरी आलो. जिन्यात सेक्रेटरींना अहवाल दाखवला. त्यांनी तो वाचला, सह्या पाहिल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

सासूबाई आमच्या जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसून होत्या, रुमाल हातात. थेंबाची वेळ झाली होती. बायकोने हात पुढे केला. मी अहवाल दिला.

"हे काय?"

"पहिली बाटली. डोळे झाकून घ्यायची."

"ठीक आहे. कुठे आहे ती?"

मी पिशवीतून बाटली काढली. बायकोने ती उजेडात धरली. मग हलवली. मग माझ्याकडे बघितलं. बाटलीत औषध असतं चहाचा अर्धा चमचा, आणि आम्ही तर सगळ्या कसोट्या घेतल्या होत्या.

"दुसरी?"

"तीही संपली. तिसरी फुटली."

"अहो, तुम्ही माझ्या आईचं महिन्याचं औषध," बायको एकेक शब्द टेबलावर ठेवत म्हणाली, "तराजूत घातलंत?"

सासूबाईंनी रुमालाची घडी घातली. "त्यांना विचार," त्या म्हणाल्या, "पास झाली का."

"झाली," मी म्हणालो.

"बरं झालं. घरातलं कोणीतरी झालं."

मी धावत केमिस्टकडे गेलो. एक दिवसही खाडा नको म्हणून सांगितलं होतं आणि खाडा माझ्या नावावर लागत होता. केमिस्ट शटर ओढायच्या बेतात होता. म्हणाला, "मऊ बाटल्या तुम्हीच नेल्यात की. आता ती कडकवाली आहे. बाकीच्या पुढच्या महिन्यात." दुसरं दुकान बंद, तिसऱ्याकडे काचबिंदूचं औषध मागितलं तर त्याने 'काच' तेवढं ऐकून ताप मोजायची काचेची नळी दाखवली. नापास केलेली चौथी बाटली घेऊन मी परत आलो.

सासूबाईंनी ती हातात घेतली, मान मागे टाकली आणि दाबली. काही नाही. दोन्ही अंगठ्यांनी दाबली. काही नाही. ज्या बाईंनी टाइपरायटरच्या जाड कळा आयुष्यभर बडवल्या, त्यांच्या अंगठ्याला बोटभर बाटली दबेना. त्यांनी बाटली टेबलावर ठेवली आणि हात पदराखाली घेतला. बायकोने प्रयत्न केला. पण तिला कोणाच्याही डोळ्याजवळ काही नेलं की स्वतःचेच डोळे मिटतात. मग दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी सासूबाईंच्या इतक्या जवळ कधी गेलो नव्हतो. लग्नाच्या फोटोतसुद्धा आमच्यामध्ये एक कुंडी आहे.

"त्यांना सांग, हात धुवा," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. धुतले. "साबणाने." पुन्हा धुतले.

पहिला थेंब कपाळावर पडला. दुसरा कानाकडे गेला. मग काही केल्या पडेना, म्हणून तोटी तुंबली की काय हे बघायला मी बाटली वर धरून खालून डोळा लावला आणि जरा जोर दिला. तो अचूक पडला. माझ्या डोळ्यात.

"काय झालं?" सासूबाईंनी छताला विचारलं.

"त्यांनी घेतला," बायको म्हणाली.

याच वेळी दारात सेक्रेटरी उभे होते. अहवालाची एक प्रत सूचनाफलकावर लावू का, असं विचारायला आले होते. त्यांनी परिस्थिती पाहिली आणि म्हणाले, "बसवून नाही हो जमत. आडवं करा. खालची पापणी हलकी ओढा, खिसा होतो, त्यात सोडा. आमच्या कुत्र्याला मी असंच घालतो."

सासूबाई उठल्या, सावकाश सोफ्यापर्यंत गेल्या आणि आडव्या झाल्या. "त्यांना सांग," त्या म्हणाल्या, आणि हे 'त्यांना' कोणासाठी होतं ते आम्हा दोघांनाही नीट कळलं नाही, "कुत्र्याचं नाव या घरात पुन्हा निघणार नाही."

पण पद्धत बरोबर होती. पापणी ओढली, खिसा झाला, बाटली दोन्ही हातांनी आवळली, आणि थेंब आत गेला. सासूबाई दचकल्या. "गार आहे," त्या म्हणाल्या. जरा वेळाने पुन्हा, "गार लागतं हे." आधीचं लागत नव्हतं का, असं माझ्या मनात आलं, पण विचारायला मध्यस्थ लागला असता, आणि बायको तेव्हा माझा डोळा धुवायला पाणी आणत होती.

मग ते रोजचंच झालं. संध्याकाळी कारखान्यातून आलो की हात धुवायचे, साबणाने, आणि सोफ्याजवळ स्टूल घेऊन बसायचं. थेंब घातला की डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून दोन मिनिटं पडून राहायचं असतं, म्हणजे औषध घशात उतरत नाही. हे डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं. त्या दोन मिनिटांचं काय करायचं, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं. मी बाटलीकडे बघत बसायचो. बायको स्वयंपाकघरात असायची. म्हणजे सासूबाईंना काही बोलायचं झालं तर मध्ये कोणीच नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "फुटलेल्या बाटलीचं साहेब काही बोलले का?"

मी मागे वळून बघितलं. खोलीत मीच होतो.

"बाद म्हणाले," मी म्हणालो.

"माणूस बरा दिसतो."

पुढे गाडी रुळावर आली. डोळे मिटलेले असले की मी जावई नसायचो, नुसता आवाज असायचो, आणि आवाजाशी त्या मोकळेपणी बोलायच्या. नळाला किती दाब देता, गळका नळ परत पाठवला की कामगार रागावतात का. एकदा म्हणाल्या, "टायपिंगला तुम्ही का नापास झालात माहीत आहे? नजर कळांवर ठेवायची नसते, हे तुम्ही बरोबर ऐकलंत. पण ती माझ्या मुलीवर ठेवायला कोणी सांगितलं नव्हतं." आणि डोळे उघडले की लगेच, "त्यांना सांग, चहा गार होतोय."

सगळं बरं चाललं असताना डोळे लाल झाले.

फार नाही, पण सेक्रेटरींना जिन्यातून दिसले इतके. "मी म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले, आणि सूचनाफलकावरचा अहवाल त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवला. "साधं औषध साधंच असतं." बायकोचा चेहरा पडला. मी रात्रभर त्या चौथ्या बाटलीचा विचार करत होतो. जिला मी नापास केलं तीच गळ्यात पडली, आणि उद्या जर त्या डोळ्यांना काही झालं, तर रविवारी मोठ्या मावशी खिडकीत बसून राहतील आणि का बसल्या आहेत हे त्यांनाही कळणार नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"दुखतंय? धूसर दिसतंय? चिकट पाणी?"

"नाही. नुसते लाल."

"हे औषध सुरू केलं की सुरुवातीला थोडी लाली येते. बहुतेक तेच असेल, तरी आज येऊन दाखवून जा. थांबवू मात्र नका."

"सुरुवातीला? अहो, चार वर्षं घेतायत त्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "असं होय," आणि ज्या सुरात म्हणाल्या तो सूर मला ओळखीचा होता. नळ चांगला दिसतोय पण खाली टेबल ओलं आहे, असं दिसलं की फोरमन तसाच बोलतो. त्यांनी त्याच दिवशी डोळे बघितले, चालू ठेवा म्हणाल्या, आणि बाकी डॉक्टर आल्यावर बोलू असं सांगितलं.

डॉक्टर आले. तपासणीचा दिवस आला. सासूबाईंनी गाडी काढली नाही, टॅक्सीने जाऊ म्हणाल्या. निकालाआधीच पेपर परत दिल्यासारखं झालं ते. आम्ही तिघं टॅक्सीत बसलो.

डॉक्टरांनी यंत्राने दाब मोजला. पुन्हा मोजला. साहेब असते तर त्यांना हा माणूस आवडला असता.

"उतरलाय," ते म्हणाले. "चांगलाच उतरलाय. काय केलंत?"

मी खिशातून अहवाल काढला. डॉक्टरांनी तो अर्धा वाचला. "ही पहिली बाटली वापरलीत?"

"नाही. चौथी. हिची चाचणी घेतलेली नाही."

"हं. पण औषध तेच आहे हो. नाव बदललं म्हणून दाब उतरत नाही." त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "मॅडम, आधी तुम्ही थेंब कसे घालत होतात, मला जरा दाखवता?"

त्यांनी डोळे ओले ठेवायच्या साध्या थेंबांची बाटली पुढे केली, मऊ, जुन्या बाटलीसारखी. सासूबाईंनी ती अशी घेतली की जणू वर्गासमोर उभ्या आहेत. पाठ ताठ. मान मागे. हात वर. एक सेकंद, थेंब, मान खाली, रुमाल. सगळं इतकं सफाईदार की टाळ्या वाजवाव्यात. थेंब गालाच्या हाडावर पडला होता. त्यांनी तो रुमालाने टिपला, घडी घातली आणि म्हणाल्या, "झालं."

बायको भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघायला लागली.

"पुन्हा एकदा," डॉक्टर हळूच म्हणाले.

पुन्हा गालावर. या वेळी त्यांनी रुमाल उचलला नाही. बोटांनी गाल चाचपला. थेंब तिथे होता. त्या त्याच्याकडे, म्हणजे बोटाकडे, बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे चार वर्षं," त्या म्हणाल्या. ज्यांच्या वर्गात एक अक्षर चुकलं तर अख्खं पान नवं घ्यावं लागायचं, त्यांची ती डाव्या डोळ्याची कड गेलेली होती, आणि ती परत टाइप करता येणार नव्हती.

तेव्हा मी जे बोललो ते कोणी बोलायला सांगितलं नव्हतं.

"त्या बाटलीची तोटी वाकडी असते," मी म्हणालो. "ही पण त्याच साच्यातली दिसते. धरली सरळ तरी थेंब बाहेरच्या बाजूला सरकतो. कोणाच्याही हातून असंच होणार. आमच्याकडे आली असती तर मी परत पाठवली असती."

डॉक्टरांनी बाटली उचलून पाहिली. ती पट्टीसारखी सरळ होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि बाटली खाली ठेवली.

"असू शकतं," ते म्हणाले. "मी तपासायला हवं होतं. कधी बघितलंच नाही तुम्ही कसं घालता ते, ही चूक माझी." आणि मग नेहमीच्या आवाजात, "ऑपरेशन सध्या नको. गाडी चालेल. दिवसाउजेडी, ओळखीच्या रस्त्याने, आणि शेजारी कोणीतरी बसवून. औषधाचं काय करायचं? मऊ बाटलीचं जेनेरिक मिळेल आता. तुम्हाला स्वतः घालायला शिकवतो, अवघड नाही. किंवा हेच कडक बाटलीवालं चालू ठेवा, यांच्या हातून. दोन्हीतलं औषध एकच आहे. मॅडम, तुम्ही ठरवा."

सासूबाईंनी रुमाल पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन लावली. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही.

"हेच असू दे," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "यांचा हात आता कुठे बसायला लागलाय. मध्येच सोडलं तर पुन्हा बिघडेल."

रविवारी त्यांनी गाडी काढली. बायको घरीच थांबली. तिला काम होतं म्हणाली, पण तिला काही काम नव्हतं हे मला माहीत आहे. मी पुढे बसलो, पट्टा लावला. शहर संपलं. या वेळी सासूबाईंचे डोळे उघडे होते, आणि उघड्या डोळ्यांनी आम्ही बोलत नसतो.

एका वळणाआधी त्यांनी गिअर बदलला.

"डॉक्टरांना तुम्ही तोटीचं सांगितलंत."

मी सवयीने मागच्या सीटवर बघितलं. कोणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो.

"वाकडी नव्हती ती."

"नव्हती."

"कारखान्यातही असंच करता?"

"नाही. पहिल्यांदाच पास केलं असं काही."

रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना शेतं, डावीकडे मधूनमधून कच्चे फाटे येऊन मिळत होते. प्रत्येक फाट्याशी त्या वेग कमी करत होत्या आणि मान जरा जास्त वळवत होत्या. आधी कधी करत होत्या की नाही, मी लक्ष दिलं नव्हतं.

"मला डावीकडचं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग स्टिअरिंगवरचा हात नीट केला. "नुसते बसू नका. डावीकडून काय येतंय ते सांगत चला."

मी काच खाली केली आणि नीट पुढे सरकून बसलो.

"सायकलवाला," मी म्हणालो. "थांबलाय. जाऊ द्या. पुढे ट्रॅक्टर आहे, तो अजून लांब आहे. आता मोकळं."